अर्ध्या मापाचा सिग्नल

परदेशातून दगड विकत आणणारा माणूस शहाणा की खुळा, यावर त्या घरात पंचवीस वर्षं वाद चालू होता. वादात एकटी बायकोच बोलत असल्यामुळे निकाल केव्हाच लागलेला होता.

ती टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसायची. त्यामुळे नवऱ्याचे सगळे उद्योग आधी तिच्या हाताखालून जायचे आणि मग त्याच्या हाती पडायचे. परदेशी पार्सलवर जकातीचा कागद चिकटवलेला असतो, आत काय आहे ते त्यावर लिहावं लागतं, आणि तिकडचे दुकानदार मेले खोटं लिहीत नाहीत. ‘बारीक खडी, दोनशे ग्रॅम.’ ‘वाळकं गवत, एक पुडी.’ ‘माणसं, बसलेली, सहा.’ शेजारच्या खिडकीवरचा कारकून ते मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि सगळी कचेरी हातातले शिक्के थांबवून हसायची.

“अहो, तुमचे दगड आले,” घरी आल्यावर पिशवी ठेवत ती म्हणायची. “दारात रस्त्याचं काम निघालंय, खडीचा ढीग पडलाय, येताजाता ठेचा लागतायत. आणि तुम्ही समुद्रापलीकडून दगड आणवताय!”

“हो,” तो म्हणायचा. “पण दारातले फार मोठे आहेत गं.”

‘हो’ हा त्याचा आवडता शब्द. लहानपणी आईनं विचारलं, “दूध आणतोस का?” तरी हो, आणि त्याच दमात भावानं विचारलं, “पोहायला येतोस का?” तरी हो. मग दोघांच्याही शिव्या खायच्या. तेव्हापासून त्याचं नाव होयबा पडलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते पुसलं गेलं नव्हतं.

होयबाचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे, हा पुढच्या खोलीत बसून त्यातून दात उभे करायचा. त्या भागातली निम्मी म्हातारी माणसं त्याच्या दातांनी जेवत होती. आणि मागच्या खोलीत, त्याच हातांनी, त्याच प्लॅस्टरच्या डोंगरांतून त्यानं आपली रेल्वे उभी केली होती. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. एक लहानसं स्टेशन, दोन फलाट, एक बोगदा, आणि दोन मजली केबिन. ही केबिन होयबाच्या कल्पनेतली नव्हती. ती त्याच्या थोरल्या भावाची होती.

दादा एकतीस वर्षं एका आडबाजूच्या स्टेशनात केबिनवर होता. खटके ओढायचे, सिग्नल पाडायचा, गाडी पुढे सोडायची. नोकरी सुटून सहा वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसला माणूस. जेवायला एकची वेळ ठरली की एकला ताटावर. एक वाजून दोन मिनिटांनी भात आला तर घड्याळाकडे बघायचा, बोलायचा नाही. पण त्या बघण्यापेक्षा बोललेलं परवडलं असतं.

केबिनवरच्या लोकांचा एक नियम असतो. बदलीचा माणूस वर येऊन खटके तपासतो, वही वाचतो, ‘चार्ज घेतला’ म्हणून सही करतो, आणि ती सही झाल्यावरच पहिला माणूस जिना उतरतो. तोवर घर जळो नाहीतर दार. होयबाच्या लग्नाच्या दिवशी दादाचा बदलीवाला आलाच नाही. दादा सव्वीस तास केबिनमध्ये अडकला आणि लग्नाला पोचला तेव्हा जेवणं आटोपून भांडीही घासून झाली होती. “सही नव्हती,” एवढंच तो म्हणाला. नव्या नवरीला हसावं की रडावं कळेना. पुढे तिनं हसायचं ठरवलं, आणि ते सगळ्यांच्याच सोयीचं झालं.

सहा वर्षांपूर्वी वहिनी गेली आणि दादा धाकट्याकडे राहायला आला. घरात जागा मागच्या खोलीत तेवढी होती. होयबानं करवत आणली, रेल्वेचं टेबल एका बाजूनं तीन फूट कापलं आणि तिथे दादाची खाट लावली. डोंगरातून निघालेली लाइन आता खाटेपाशी येऊन एकदम संपायची. होयबाला त्याचं काही वाटलं नाही. दादाला वाटत होतं, ते त्यानं सहा वर्षं बोलून दाखवलं नाही.

बोलायचा तो गाड्यांवर. होयबानं बटण दाबलं, इंजिन निघालं, की खाटेवरून आवाज यायचा, “कोणाला विचारून सोडली?”

“हो, म्हणजे... अशीच.”

“अशीच! सिग्नल नाही, पुढच्या स्टेशनाचं लाइन क्लिअर नाही. ही काय रेल्वे आहे? ही जत्रेतली घसरगुंडी आहे.” आणि दादा भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

म्हणून होयबानं सिग्नल मागवायचे ठरवले. जुन्या पद्धतीचे, खांबावर हात असलेले. हात आडवा म्हणजे थांब, हात खाली पडला म्हणजे ये. असे हलणारे सिग्नल हातानं घडवणारा एकच म्हातारा कारागीर त्याला ठाऊक होता आणि तो चार देश ओलांडून पलीकडे राहत होता. दोन हवे होते: स्टेशनाजवळचा होम आणि लांबचा आउटर. होयबा वही घेऊन दादाच्या खाटेवर बसला आणि त्यानं माप विचारलं. दादानं आधी कुरकुर केली, मग खांबाची उंची सांगितली, शिडीच्या पायऱ्या सांगितल्या, हाताच्या टोकाला पट्टा कुठे असतो ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, “पण आउटर लावणार कुठे? तो मैलभर लांब हवा. तुझ्या टेबलावर जागाच नाही. तिथे माझी खाट आहे.”

होयबानं मोठ्या कागदावर चित्र काढलं, समोरून, बाजूनं, वरून, अगदी हव्या त्या मापात. आकडा मात्र एकही लिहिला नाही. कवळीच्या धंद्यात आकडे नसतात. साचा पाठवायचा, साच्याबरहुकूम माल घ्यायचा. “कृपया चित्राच्या मापानंच बनवावं,” एवढी ओळ खाली टाकून तो झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि तिथल्या मुलीकडून ते चित्र ईमेलनं पाठवून मोकळा झाला. कागद मशीनपेक्षा मोठा होता. मशीननं तो मावेल एवढा लहान करून घेतला. हे होयबाच्या गावीही नव्हतं.

त्यानंतर तीन महिने तो रोज बायकोला विचारायचा, “आलं का गं?” आणि ती म्हणायची, “आज फक्त एका बाईंचे बूट आलेत. चालतील का?”

मग एका सुट्टीच्या दुपारी, सिग्नल अजून वाटेतच असताना, दादा जेवता जेवता म्हणाला, “मुलाचा फोन होता. नवं घर घेतलंय त्यानं. येत्या रविवारी मला न्यायला येतोय.”

“किती दिवस?” बायकोनं विचारलं.

“आता तिकडेच.” दादानं पाण्याचा घोट घेतला. “माझ्या खाटेपायी याची अर्धी लाइन गेली. सहा वर्षं बघतोय. मी गेलो की टेबल पुन्हा जोडून घे रे. ठीक आहे ना?”

“हो,” होयबा म्हणाला.

तोंडातून शब्द निघून गेला. त्याला म्हणायचं होतं, नाही. त्याला म्हणायचं होतं, दादा, तू घरात खोकलास तरी मला बरं वाटतं. पण जन्मभर ज्या तोंडाला एकच शब्द ठाऊक, त्याला दुसरा ऐन वेळी कुठून सुचणार? बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की भात कालवायचंही त्याला भान राहिलं नाही.

“हो काय हो?” दादा उठून गेल्यावर ती म्हणाली. “जिथे बोलायचं तिथे बोलत नाही तुम्ही.”

“हो,” तो म्हणाला, आणि ती ताटं उचलायला उठली.

बुधवारी पार्सल आलं. बायको शनिवारपर्यंत रजेचा अर्ज टाकून भर दुपारी ते घेऊन घरी आली. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं. होयबानं खोकं उघडलं, कापूस बाजूला केला, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. सिग्नल सुबक होते, शिडीच्या पायऱ्यासुद्धा मोजून घ्याव्यात अशा. पण बोटभर उंचीचे हवे होते, ते अर्ध्या बोटाचे आले होते. सोबत कारागिराची चिठ्ठी होती. त्यानं लिहिलं होतं की इतका लहान सिग्नल त्यानं चाळीस वर्षांत बनवला नव्हता, भिंग लावून बनवला, चित्राशी ताडून पाहिला, केसाचाही फरक नाही. आणि हे त्याचं शेवटचं काम. डोळे थकले, आता दुकान बंद.

होयबानं एक सिग्नल केबिनशेजारी उभा करून पाहिला. केबिनच्या खिडकीलाही पोचेना. फलाटावर बसलेल्या सहा माणसांतला एकजण उठता तर त्याच्या हाताला लागला असता. होयबा खुर्चीवर बसला आणि डोळे पुसू लागला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण त्याला लाज वाटली नाही. आता दुसरे मागवायचे कोणाकडून, आणि रविवारपर्यंत येणार कुठून?

खाट करकरली. दादा उठून आला होता. त्यानं सिग्नल दोन बोटांत धरला, उलटासुलटा केला, हात वरखाली करून पाहिला.

“माल चोख आहे,” तो म्हणाला.

“निम्मा आहे, दादा.”

“ते दिसतंय मला.”  मग दादा गुडघे धरत खाली वाकला, गाल टेबलाला टेकवला, आणि एक डोळा मिटून दुसरा केबिनच्या खिडकीला लावला. “हा घे. खाटेकडे जा. लाइन संपते तिथे उभा कर.”

होयबानं केला.

“डावीकडे. आणखी थोडा मागे. अरे, कडेपर्यंत! हां. थांब.”

मग दादा तसाच वाकून राहिला. इतका वेळ राहिला की बायको काळजीनं पुढे आली.

“दादा, कंबर धरली का?”

“हाच तो माझा आउटर,” दादा खिडकीवरून डोळा न काढता म्हणाला. “मी काय त्याच्या खांबाखाली उभा होतो का? एकतीस वर्षं खिडकीतून बघितला. एवढाच दिसायचा. ये इकडे, तू बघ.”

होयबानं गाल टेकवला आणि खिडकीतून पाहिलं. जवळचे रूळ रुंद होते, पुढे निमुळते झाले होते, आणि त्यांच्या टोकाला, पार लांब, तो इवला सिग्नल उभा होता. मधलं अंतर मैलाचं होतं. कापलेली कड कुठे दिसतच नव्हती. तीन फूट करवतीनं गेले होते आणि अर्ध्या बोटाच्या खांबानं ते व्याजासकट परत आणले होते.

“दादा,” तो म्हणाला, “टेबल जोडायला नको.”

दादानं ते ऐकलं न ऐकलं केलं. पण “होम सिग्नलचं काय?” असं त्यानं विचारलं, आणि तो प्रश्न जाणाऱ्या माणसाचा नव्हता.

“तो पूर्ण मापाचाच लागेल. कोण बनवणार?”

“तू. या शहराला चावायला दात दिलेस, एक खांब होत नाही? हा दुसरा लहान आहे की समोर नमुन्याला. दुप्पट कर.”

गुरुवारी पुढच्या खोलीतल्या कवळ्या आपापल्या साच्यांत पडून राहिल्या आणि एका डॉक्टरांचे तीन फोन वाया गेले. होयबानं कवळीला हूक करायची तार घेऊन खांब आणि शिडी वळली. हात मात्र हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याचा केला, कारण तोच त्याच्या बोटांचं सर्वांत जास्त ऐकायचा. “हिरडीचा सिग्नल!” बायको म्हणाली. “गाडी चावली नाही म्हणजे मिळवली.” मग वर लाल रंग चढला आणि हात हिरडीचा आहे हे कोणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. मेण कोरायच्या जुन्या सुऱ्यांच्या पोलादी मुठी कापून दादानं सहा खटके केले, टेबलाखालून दोरे नेले आणि दोराला किती ताण हवा यावर दिवसभर धाकट्याला झापलं. त्या दिवशी जेवायला दोन वाजले. घड्याळाकडे कोणी पाहिलं नाही.

शुक्रवारी दादानं शाळेची एक वही आणवली, पट्टीनं रकाने आखले आणि पहिल्या ओळीत लिहिलं: ‘चार्ज घेतला.’ खाली वेळ आणि सही. धाकट्याच्या बायकोला खाटेवर बसवून पलीकडचं स्टेशन केलं. तिनं काचेच्या पेल्यावर दोनदा चमचा वाजवला की लाइन क्लिअर. एकदा तिनं चुकून तीनदा वाजवला तर दादानं मालगाडी वीस मिनिटं बोगद्यात उभी ठेवली.

“अहो, माझा हात हलला फक्त,” ती म्हणाली.

“अपघात असेच होतात,” दादा म्हणाला.

शनिवारी होयबा मनात हरखला होता. त्याला वाटलं, आता दादा आपण होऊन म्हणेल, राहतो. दादा म्हणाला नाही. संध्याकाळी त्यानं आपली बॅग भरली आणि दाराशी नेऊन ठेवली. शब्द दिलेला माणूस. मुलाला ये म्हटलं म्हणजे म्हटलं. आणि धाकट्यानं तर तोंडानं ‘हो’ म्हटलेलं होतं. त्याला राहा असं कोणी म्हटलं होतं का? नव्हतं.

रविवारी दहाला पुतण्या आला. भला पोरगा, वडिलांची खोली तयार आहे, खिडकी पूर्वेला आहे, असं सगळं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बॅग उचलून तो म्हणाला, “निघायचं ना बाबा? ऊन व्हायच्या आत.”

“पाच मिनिटं. चार्ज देतो.”

दादा मागच्या खोलीत गेला. सगळी त्याच्या मागोमाग. त्यानं एकेक खटका हात लावून पाहिला, दोन्ही सिग्नल आडवे आहेत याची खातरी केली, वहीत लिहिलं: ‘सर्व खटके जागेवर. गाडी एक, फलाट एकवर उभी. चार्ज दिला.’ मग त्यानं पेन होयबापुढे धरलं.

“कर सही.”

होयबाचा हात सवयीनं पुढे गेला. पेन हातात आलंही. रिकामा रकाना समोर होता आणि दादाचं सुवाच्य अक्षर शेजारी. त्यानं पेनचं टोपण लावलं, पेन वहीवर ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“नाही,” तो म्हणाला.

 बायकोनं हातातला पेला सांभाळून खाली ठेवला.

“काय?” दादा म्हणाला.

“नाही करत सही.”

पुतण्या हसला. “काका, बँकेचा कागद आहे का हा? आणा, मी करतो.”

दादानं वही झटकन छातीशी धरली. “तू? तुला या स्टेशनातले रुळांचे सांधे माहीत आहेत? परीक्षा झालीय तुझी?” मग त्यानं धाकट्याच्या बायकोकडे पाहिलं. ती घरातली दुसरी सरकारी माणूस होती, तिच्याकडून त्याला आशा होती.

“माझ्याकडे नका बघू दादा,” ती म्हणाली. “आम्ही टपालवाले. दुसऱ्या खात्याच्या वहीवर आम्ही सही करत नाही.”

दादा पुन्हा धाकट्याकडे वळला. “अरे, पोरगा लांबून आलाय. तूच त्या दिवशी हो म्हणालास.”

“मी जन्मभर हो म्हणतोय, त्यात काय?” होयबा म्हणाला. “दादा, मला मोठं टेबल नको. तू हवास. तू झापत नाहीस तोवर गाडी सोडल्यासारखं वाटत नाही मला. तिकडे मुलगा आहे, पूर्वेची खिडकी आहे, सगळं कबूल. जायचं तर जा. पण माझ्या सहीनं नाही.”

 दादाची नजर वहीवर होती, मग लांबच्या त्या अर्ध्या बोटाच्या सिग्नलवर गेली. बदलीचा माणूस समोर उभा होता आणि चार्ज घेत नव्हता. एकतीस वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं, आणि अशा वेळी काय करायचं ते मात्र नियमात स्वच्छ लिहिलेलं होतं.

त्यानं स्टूल ओढलं आणि केबिनसमोर बसला.

“बाळा,” तो मुलाला म्हणाला, “बॅग आत ठेव. पोरांना घेऊन पुढच्या महिन्यात ये, चार दिवस राहा. मीही येईन तुझ्याकडे, याची परीक्षा एकदा नीट पास झाली की.”

“ती कधी होईल?” पुतण्यानं विचारलं.

“याच्या हातून? वर्षं लागतील,” दादा म्हणाला.

पुतण्यानं काकाकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, आणि बॅग आत नेऊन ठेवली. तो दुपारी जेवूनच निघाला.

दादानं पेनचं टोपण काढलं. ‘चार्ज दिला’ या शब्दांवर पट्टीनं एक सरळ रेघ मारली आणि खाली सावकाश लिहिलं: ‘बदलीचा माणूस हजर, पण चार्ज घेण्यास नकार. ड्यूटी पुढे चालू.’ वेळ घातली, सही केली, वही मिटली, आणि मान वर न करता म्हणाला,

“गाडी केव्हाची उभी आहे फलाटावर. पलीकडचं स्टेशन झोपलंय का?”

बायको धावत जाऊन खाटेवर बसली आणि तिनं पेल्यावर दोनदा चमचा वाजवला.